सापाच्या इंजेक्शनांचं गणित

हॉस्पिटलात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साचतात, मुद्दाम जमवावे लागत नाहीत. रिटायर झाल्यापासून लोक मला म्हणतात, शोभाताई, सांगा ना तिकडचं काहीतरी गमतीचं. मी सुरू करते. लोक हसतात. मग मध्येच कुणीतरी चहाचा कप बशीत ठेवतं आणि विषय बदलतं. माझा इलाज नाही. आमच्या टेबलाचे किस्से असेच आहेत, हसत सुरू होतात आणि कुठे जाऊन थांबतील याचा भरवसा नाही.

आमचं टेबल म्हणजे वसईच्या सरकारी हॉस्पिटलातलं, स्टोअररूमच्या बाजूचं, एक पाय आखूड असलेलं टेबल. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. त्या टेबलाभोवती आम्ही चौघं. डॉ. सामंत हे हॉस्पिटलचे प्रमुख, मनाने हळवे आणि तोंडाने फाटके. बर्वे सर मुंबईच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. सिस्टर अ‍ॅग्नेस रेल्वेच्या पलीकडच्या अंगाला, जूचंद्रच्या उपकेंद्रात एकटी नर्स. आणि मी क्लार्क. घरी केळीची वाडी, मॅट्रिकला गणितात बरे मार्क, एवढ्या भांडवलावर चिकटलेली.

भांडण एकाच गोष्टीवरून होतं. सापाच्या विषावरची इंजेक्शनं मुंबईहून यायची आणि कधीच पुरेशी यायची नाहीत. आमच्याकडे भातशेती, मिठागरं, वाड्या, म्हणजे साप सगळीकडे. मग जी काय इंजेक्शनं हातात आहेत, ती ठेवायची कुठे? सगळी वसईत, की थोडी रेल्वेच्या पलीकडे?

सिस्टरला थोडी तिच्याजवळ हवी होती. जूचंद्रहून माणूस स्टेशनला आणा, गाडीची वाट बघा, वसईला उतरवा, तिथून टांगा करा, तोवर तो आपला राहत नाही, असं तिचं म्हणणं. दर आठवड्याला ती लसींचा थर्मास भरून घ्यायला यायची आणि जाताना दारात थांबून विचारायची, ती देताय का. डॉक्टर म्हणायचे, सरांचं गणित होऊ दे.

*

सरांना जिल्ह्याच्या साहेबांनी पाठवलं होतं. कारखान्यात मशीनं कुठे बसवायची, गोदामात माल किती ठेवायचा, हे गणिताने ठरवतात, तसं हॉस्पिटलचंही ठरवून बघा म्हणून. पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला 'सिम्युलेशन' समजावलं. खऱ्या माणसांवर प्रयोग करता येत नाहीत, तर माणसं कागदावर आजारी पाडायची, कागदावर गाडी पाठवायची, आणि किती वाचतात ते बघायचं. इंजेक्शनं एकदा इथे ठेवून बघायची, एकदा तिथे. ज्यात कमी मरतील ती व्यवस्था खरी.

कॉम्प्युटर मुंबईत होता आणि त्याच्यावर सरांचा नंबर कधीतरीच लागायचा. तोवर आम्ही हाताने करायचो. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या होत्या. हॉस्पिटलात आजवर जितके साप चावलेले आले, तितक्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येकीवर त्याच्या गावाचं नाव. मी डबा हलवायचे, डॉक्टर चिठ्ठी काढायचे, सर नकाशावर काड्यापेटी सरकवायचे. काड्यापेटी म्हणजे आमची जीप.

सिस्टर थर्मास मांडीवर घेऊन हे सगळं बघत होती. चावलेला मेला की डॉक्टर चिठ्ठी घडी घालून पुन्हा डब्यात टाकत होते, कारण पुढच्या खेपेला ती लागणार होती.

सिस्टर म्हणाली, "बरं आहे सर. तुमचा मेलेला परत डब्यात जातो."

सर हसले. डॉक्टर हसले नाहीत. पुढची चिठ्ठी काढायला त्यांनी जरा वेळ लावला.

*

डॉक्टरांचा कागदावरच्या माणसांत जीव गुंतायला लागला, हा आणखी एक वैताग. एखाद्या गावाची चिठ्ठी लागोपाठ निघाली आणि दोन्ही वेळा माणूस दगावला की ते टेबलावर हात आपटायचे. एकदा पाचूबंदरचं असंच झालं. डॉक्टर मोठ्याने ओरडले, "पाचूबंदरचा गेला हो पुन्हा!"

दारात मावरं विकायला आलेली एक कोळीण उभी होती. पाचूबंदरचीच. तिने टोपली तिथेच ठेवली आणि चालती झाली. आम्हाला वाटलं, सुट्टे पैसे आणायला गेली असेल.

तासाभरात हॉस्पिटलच्या फाटकाशी अर्धं पाचूबंदर! धक्क्यावरचा लिलाव थांबला होता. बायका रडत होत्या, पण कोणासाठी रडायचं ते ठरत नव्हतं, कारण होड्या अजून समुद्रात होत्या आणि प्रत्येकीचा कोणीतरी बाहेर होता. मयत कुठे ठेवलंय म्हणून माणसं वॉर्डातून फिरू लागली. डॉक्टरांनी डोकं धरलं. सरांनी सगळ्यांना टेबलाजवळ बोलावून डबा दाखवला, चिठ्ठ्या दाखवल्या, काड्यापेटी दाखवली, कोणीही मेलेलं नाही हे शपथेवर सांगितलं.

पागोटं बांधलेला एक म्हातारा सगळं नीट ऐकून घेत होता. त्याने ती चिठ्ठी हातात मागितली, उलटसुलट करून बघितली आणि सरांकडे परत दिली.

"नाय मेला म्हनता," तो म्हणाला. "मंग मरनार कवा, तेवरं सांगा. आमी त्या दिशी होडी नाय काढनार."

सरांनी डब्याला झाकण लावलं. संध्याकाळच्या गाडीने ते गेले.

*

सरांच्या कॉम्प्युटरचा किस्सा छोटा आहे. एकदा त्यांचा नंबर लागला, म्हणून आम्ही सगळी माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवून दिली. कुठल्यातरी एका कार्डावर चूक झाली आणि जीपचा वेग शून्य पडला. कॉम्प्युटरने गुमान हिशोब केला. भलामोठा कागद छापून आला, आणि त्यात पावसाळा संपेपर्यंत साप चावलेलं एकही माणूस जिवंत उरलेलं नव्हतं.

सर शरमले. कागद फाडायला निघाले. डॉक्टरांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"असू द्या. हाच वर पाठवू," ते म्हणाले. "निदान इंजेक्शनं तरी जास्त येतील."

पाठवला नाही अर्थात. पण त्या वर्षी इंजेक्शनं नेहमीपेक्षाही कमी आली तेव्हा सगळ्यांनाच त्या कागदाची आठवण झाली.

*

गणिताला वेळा लागतात. कुठल्या गावाहून हॉस्पिटलात यायला किती मिनिटं. सरांनी सगळीकडे जीप पळवून वेळा घेतल्या, पण जीप मोकळी मिळायची ती रविवारी. रविवारी ना बाजार, ना मालगाड्यांची गर्दी, ना फाटकाशी बैलगाड्यांची रांग. तक्ता असा देखणा झाला की बघत राहावं. सिस्टरने तो बघितला आणि म्हणाली, साप रविवारीच चावतात असं कळवायला हवं गावात.

सरांनी ते मनावर घेतलं. मग खऱ्या केसच्या वेळाही धरायच्या ठरल्या. पुढचीच खरी केस चंदनसारची. एका बाईला गवत कापताना चावला होता. नवरा आणि दीर तिला बैलगाडीत घालून विरारच्या रेल्वे फाटकापर्यंत घेऊन येत होते आणि इकडून डॉक्टर इंजेक्शनं घेऊन जीपने निघाले होते. सोबत आकडे टिपायला मी. दोन्हीकडचे फाटकावर एकाच वेळी पोचलो. मध्ये मालगाडी उभी. इंजिन कुठे ते दिसत नव्हतं आणि ती हलायचं नाव घेत नव्हती. डब्यांच्या फटीतून आम्हाला बैलगाडी दिसत होती, बाईचा हात गाडीबाहेर लोंबताना दिसत होता.

डॉक्टर तेव्हा पन्नाशीचे, पोट सुटलेले. त्यांनी बॅग माझ्याकडे दिली, खाली वाकले, डब्याखाली शिरले आणि तिकडून हात पुढे करून बॅग मागितली. मी ती रुळावरून सरकवली. ती मध्येच अडली, मी पायाने ढकलली. गार्ड शिट्टी वाजवत होता. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा डॉक्टर पलीकडे होते आणि मातीत गुडघे टेकून सलाईन लावत होते.

ती बाई वाचली! आमच्या टेबलावर त्या दिवशी सिस्टरने पेढे आणले.

सरांनी वेळ विचारली. मी सांगितली. सगळ्या मोसमातली ती सगळ्यात कमी वेळ होती, त्यामुळे सरासरी झकास सुधारली. तेव्हापासून आमच्या गणितात चंदनसारचा प्रत्येक माणूस मालगाडीखालून यायला लागला.

*

शेवटी उत्तर आलं. सगळी इंजेक्शनं वसईतच ठेवावीत.

सरांनी ते छान समजावलं. साठा कमी आहे. थोडा थोडा चार ठिकाणी वाटला, तर एका ठिकाणी माणूस मरतोय आणि दुसऱ्या ठिकाणी बाटल्या नुसत्या पडून आहेत असं होणार. एकत्र ठेवला तर ज्याला लागेल त्याला मिळणार. जूचंद्रहून हॉस्पिटलात येणारे तसेही कमी आहेत, डब्यात त्यांच्या चिठ्ठ्या मोजक्या आहेत. तेवढ्यांसाठी वसईचा साठा फोडणं परवडत नाही.

सिस्टर ऐकत होती. तिने वाद घातला नाही. गळ्यातल्या क्रुसाशी चाळा करत राहिली.

रिपोर्ट मी टाइप केला. त्यात एका ठिकाणी 'अ‍ॅक्सेप्टेबल लॉस' असे शब्द होते. म्हणजे एवढी माणसं गेली तरी व्यवस्था चांगलीच म्हणायची. मी मशीन थांबवून सरांना विचारलं, सर, हे अ‍ॅक्सेप्टेबल कोणाला?

सरांनी चष्मा काढून पुसला. "गणिताला," म्हणाले.

डॉक्टरांनी सही केली. सही करून झाल्यावर त्यांनी सिस्टरला सांगितलं की गावात सगळ्यांना बजावून ठेव, साप चावला की उपकेंद्रात वेळ घालवू नका, भगताकडे तर नकोच, सरळ वसई गाठा. सिस्टरने ते इमानदारीने केलं. घरोघर फिरली. चार पावसाळे तेच सांगत राहिली.

*

आता सरांविषयी एक सांगायला हवं, नाहीतर ते तुम्हाला कोरडे वाटतील. ते कोरडे नव्हते. रिपोर्ट देऊन मोकळे झाले असते तर कोणी विचारलं नसतं. पण ते दर पावसाळ्यात येत राहिले, आपली व्यवस्था चालते का बघायला. एका वर्षी जूचंद्रला गेले आणि पावसाने तिकडेच अडकले. सिस्टरने त्यांची सोय उपकेंद्राच्या बाकावर केली.

त्या मुक्कामात त्यांनी काय बघितलं ते त्यांनी फारसं सांगितलं नाही. सिस्टरकडून कळलं. मिठागरावरच्या एका माणसाला चावला. रस्ता पाण्याखाली होता, वसईला न्यायचा प्रश्नच नव्हता. त्याला भगताकडे नेलं. सर भिजत मागोमाग गेले आणि तिथे बसून राहिले. माणूस सकाळचा चावलेला, दुपारी गेला. दहन झालं. हॉस्पिटलात त्याचं नाव आलंच नाही, कारण तो हॉस्पिटलात आलाच नव्हता. सरांनी मग गावात विचारायला सुरुवात केली. असे किती? लोक बोटांवर मोजू लागले, आणि मग सरांनीच त्यांना थांबवलं.

वसईला परत आल्यावर सर टेबलाशी बसले. कपडे अजून दमट होते. त्यांनी माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला, पट्ट्या कापल्या आणि प्रत्येकीवर स्वतःच्या अक्षरात जूचंद्र, जूचंद्र, जूचंद्र असं लिहीत गेले. डॉक्टर येऊन मागे उभे राहिले. सगळ्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्यावर झाकण नीट बसेना.

"माझं गणित बरोबर होतं, शोभाताई," ते म्हणाले. "डबा चुकीचा भरला होता."

मला त्यांची दया आली, आणि रागही आला. दोन्ही एकदम येऊ शकतात हे मला तेव्हा कळलं.

*

नवं उत्तर यायला वेळ लागला नाही. काही इंजेक्शनं जूचंद्रला ठेवा.

ती सिस्टरच्या हातात पडली तो दिवस मला लख्ख आठवतो. तिने थर्मास पुढे केला, डॉक्टरांनी स्वतः बाटल्या एकेक करून आत ठेवल्या. सिस्टर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, काय हे, मी लग्नात पण रडले नव्हते.

सरांनी या वेळी कसर ठेवली नाही. बाटल्या कुठल्या कपाटात, ऊन कुठून येतं, किल्ली कोणाकडे, सिस्टर रजेवर असेल तर कोण, मुदत संपायच्या आधी वसईला परत कशा पाठवायच्या, एकाच दिवशी दोघांना चावलं तर काय, सगळं डब्यातून चिठ्ठ्या काढून करून बघितलं. कागदावर जूचंद्रची माणसं भराभर वाचायला लागली. डॉक्टर तर चिठ्ठी काढताना आता गुणगुणायचे.

सिस्टरने कपाट मारिया माउलीच्या तसबिरीखाली ठेवलं. उपकेंद्र स्टेशनच्या रस्त्यालाच होतं. कामं आटोपली की ती ओट्यावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायची. सगळं गाव तिला ओळखत होतं.

*

आता शेवटचा.

भात कापणीला आलं होतं. जूचंद्रच्या पुढच्या पाड्यावरचा एक तरुण, काशिनाथ, वसईला आणला तोवर गेलेला होता. नाग चावला होता. डॉक्टरांनी पत्ता बघितला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. दोन दिवसांनी सर आले, तरी तो राग तसाच होता. तिथे इंजेक्शनं असताना हा माणूस इथे मरायला का आला, असं विचारत डॉक्टरांनी जीप काढायला लावली. सिस्टर कुठे भटकत होती, हे शब्द त्यांनी वाटेत दोनदा तरी उच्चारले.

सिस्टर उपकेंद्रातच होती. माझ्याकडे कोणी आलंच नाही, म्हणाली. परवा सबंध दिवस मी इथून हलले नाही. तिने कपाट उघडून दाखवलं. बाटल्या जशाच्या तशा होत्या. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचा राग गेला होता, पण त्याच्या जागी काय आलं ते त्यांनाही कळत नसावं.

आम्ही चौघं पाड्यावर गेलो. काशिनाथची आई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. आम्हाला बघून तिने सुनेला चटई टाकायला सांगितली. आम्ही बसलो. पाणी आलं. डॉक्टरांनी पेला खाली ठेवला आणि हळूच विचारलं की सिस्टरचं दार वाटेवर असताना तिच्याकडे का नाही नेला.

आई डॉक्टरांकडे बघायची थांबली आणि सिस्टरकडे वळली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट आपण सांगितल्याप्रमाणे वागलो हे सिस्टरला कळावं अशी धडपड होती.

"तुमीच सांगितलं व्हतं ना बाय. हितं थांबू नका, सरल वसईला न्या. म्हून वीटभट्टीचा ट्रक थांबवला. यक मिनट नाय घालवला कुठं."

सर खाली बघत होते. सिस्टरचा हात तोंडाशी गेला.

"तो ट्रक," ती म्हणाली. "उघडा होता. तुम्ही सगळी मागे बसला होतात. मला वाटलं कापणीला चाललात. मी ओट्यावरून हात केला."

"व्हय तर," आई म्हणाली. "माज्या मांडीवर झोपला व्हता तो. तुमाला बघितलं त्यानं. बोलला, आये, सिस्टर हात करते, मना जरा वर धर."